‘सर्व्हर डाऊन’ म्हणायच्या आधी

आमच्या दारव्हा तालुक्यात ओलिताच्या शेतकऱ्याची मोटर बंद पडली की पहिल्यांदा काय करायचं हे कोणी शिकवावं लागत नाही. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून शेजारच्या वावराकडे पाहतो. दोघांची लाईन एकाच डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, आलेली. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी पडत असेल तर लाईनमनला फोन लावण्यात अर्थ नाही. लाईन आहे, डीपी शाबूत आहे. घोटाळा आपल्याच स्टार्टरमध्ये, नाहीतर फ्यूजमध्ये, नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या केबलमध्ये. अर्धा तपास एका नजरेत संपतो.

मी गावात ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, जे येईल ते. मोटरीच्या बाबतीत असलेलं हे शहाणपण संगणकासमोर बसलं की कुठं जातं, कोण जाणे. क्रोममध्ये पान उघडलं नाही की आम्ही दुकानदार मान वर न करता सांगून मोकळे होतो, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” मीही हे वाक्य शेकड्यानं वापरलंय. समोरच्या माणसाची मजुरी बुडते, ऑटोचं भाडं जातं, आणि दहापैकी कितीदा सर्व्हर खरंच डाऊन होता ते आपण कधी पाहिलेलंच नसतं.

तर आधी शेजाऱ्याची मोटर पाहायची. अडलेल्या पानाचा पत्ता जसाच्या तसा कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये, म्हणजे पानं उघडणाऱ्या क्रोमसारख्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये, टाकायचा. गुगलवर नव्यानं शोधायचं नाही. शोधताना भलत्याच पानावर जाणं होतं आणि तुलना फसते. दोन्हीकडे ५०२ किंवा ५०३ असा आकडा दिसला तर खरंच तिकडचा सर्व्हर आजारी आहे. ४०४ दिसला तर त्या पत्त्यावर ते पानच राहिलेलं नाही. आकडा ५०२-५०३ असेल तेव्हा ‘उद्या या’ म्हणणं प्रामाणिकपणाचं. पण एकीकडे पान नीट उघडलं आणि दुसरीकडे नाही, तर नेट, राउटर, साइटचा सर्व्हर हे बहुतेक सगळे सुटले. राहिला तो एक ब्राउझर, आणि त्याचं त्या पानाशी काय वाकडं आहे तेवढा प्रश्न.

यात एक फसगत आहे. क्रोममध्ये उघडलं नाही म्हणून एजमध्ये पाहिलं, तिथंही नाही, म्हणून सर्व्हर डाऊन, असं ठरवू नका. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावं चार असली तरी आतलं पान उभं करणारं इंजिन एकाच घरचं, क्रोमियमचं. मायक्रोसॉफ्टनं एजसाठी स्वतःचं इंजिन सोडून जानेवारी २०२० पासून हेच घेतलं. सख्ख्या भावाला विचारून साक्ष मिळत नाही. वेगळं इंजिन हवं तर फायरफॉक्स. म्हणून तो दुकानातल्या संगणकावर ठेवलेला असावाच, रोज वापरला नाही तरी. आयफोनवर तर उलटीच गंमत. तिथं क्रोम टाकलं तरी आपल्याकडे आतून सफारीचंच इंजिन चालतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. यात मी काही शहाणा दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक काका पोरीला घेऊन आले. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, शिष्यवृत्तीचा फॉर्म. काका सोयाबीनची डवरणी सोडून आलेले, पायजम्याला गुडघ्यापर्यंत काळा चिखल. आदल्या दिवशी मी त्यांना ते नेहमीचं वाक्य सांगून परत पाठवलं होतं.

“भाऊ, काल तुमी सर्व्हर डाऊन म्हटलं,” काका म्हणाले. “अन् इची मैत्रीण म्हणते का तिचा फॉर्म कालच भरून झाला. मंग सर्व्हर काय तिच्यापुरताच चालू होता?”

याला उत्तर नव्हतं. पुन्हा बसलो. लॉगिन झालं, नाव आलं, जिल्हा यवतमाळ निवडला, तालुक्यांची यादी आली, त्यातल्या नावावर टिचकी मारली आणि पान पांढरं फटक. ना सूचना, ना आकडा. तोच पत्ता फायरफॉक्समध्ये टाकला तर तालुका निवडला जाऊन गाडी पुढं गेली. तिथंच फॉर्म पूर्ण भरला, प्रिंट काढून काकांच्या हातात दिली. (आधी माणसाचं काम उरकावं, मग शोध लावत बसावं. ब्राउझर कुठं पळून जात नाही.)

निघताना पोरगी मला म्हणाली, “काका, पहिल्या वेळी त्या यादीत वणीचं ‘वाणी’ लिहून होतं. फायरफॉक्समध्ये बरोबर होतं.”

मी हसलो. मूळ साइट इंग्रजीत, त्यामुळे असेल काहीतरी, असं म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी दुकान बंद करून बसलो. खासगी विंडो (तिची गोष्ट पुढं येते) उघडली, तिथंही पान पांढरं. अपडेट केलं, तेच. साठवलेलं सगळं पुसलं, तेच. तासाभरानं लक्षात आलं की दर वेळी पान उघडलं की माझा हात आपोआप वर जाऊन भाषांतराचं बटण दाबत होता. गिऱ्हाइकाला वाचता यावं म्हणून लावलेली सवय. बटण न दाबता फॉर्म भरून पाहिला आणि तालुका निवडला गेला. पोरीनं दुपारीच बोट ठेवलं होतं.

हे का होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण पांढऱ्या पानाचं अर्धं कोडं त्यातच सुटतं.

आजकालच्या पुष्कळ साइट सर्व्हरवरून भरलेलं पान पाठवतच नाहीत. येतो तो नुसता सांगाडा, आणि सोबत जावास्क्रिप्ट नावाची सूचनांची फाईल. ब्राउझर ती फाईल वाचतो आणि तुमच्यासमोर पान उभं करतो. कोणता मजकूर कुठं ठेवला याची नोंद त्या सूचनांजवळ असते, धुऱ्यावरचे दगड कुठं पुरले ते जसं मोजणीच्या कागदावर असतं तशी. भाषांतर करणारा येतो आणि इंग्रजी मजकुराचे तुकडे काढून त्यांच्या जागी मराठी तुकडे ठेवतो. आपल्या डोळ्यांना पान तेच दिसतं, पण दगड हललेले असतात. तुम्ही तालुका निवडता, साइट तिथला जुना मजकूर बदलायला जाते, कागदावर दगड आहे आणि जागेवर नाही. काही साइटचा प्रोग्राम अशा वेळी गडबडला की पुढचं काहीच करत नाही, उभं केलेलं पानही काढून टाकतो. म्हणून पांढरं.

इलाज सोपा. पत्त्याच्या पट्टीत भाषांतराची खूण दिसते, तिथून या साइटचं भाषांतर कधीच करू नका असं सांगून टाकायचं. फॉर्म भरायच्या साइटसाठी मी आता तेच करून ठेवलंय. गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो काय लिहिलंय ते.

पण पांढरं पान नेहमी भाषांतरामुळेच येतं असं नाही. पान कोणत्या तऱ्हेनं बिघडलंय याकडे नीट पाहिलं तर दिशा कळते. पानाची मांडणी आणि रंगरूप सांगणाऱ्या भागात ब्राउझरला एखादी गोष्ट समजली नाही तर तो ती सोडून पुढं जातो. त्यामुळे पान वेडंवाकडं दिसतं, अक्षरं एकावर एक चढतात, पण दिसतं. जावास्क्रिप्टला एवढी माफी नाही. त्या फाईलमध्ये ब्राउझरला व्याकरण न कळणारी एक जागा आली की तो ती अख्खी फाईल बाजूला ठेवतो. हजार ओळी बरोबर असल्या तरी एकही चालत नाही. म्हणून वाकडं पान असलं तर साठवलेल्या जुन्या फाईलींचा संशय घ्यावा, आणि कोरं पान असलं तर ब्राउझरच्या वयाचा.

वयाचा मुद्दा आमच्याकडे फार येतो, कारण गावातल्या दुकानांत विंडोज ७ चे संगणक अजून धडधाकट चालू आहेत. त्यांच्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही. फेब्रुवारी २०२३ ला आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. क्रोम स्वतः तक्रार करत नाही, चालत राहतो, आणि साइटवाल्यांनी नव्या पद्धतीनं काही लिहिलं की एक दिवस पान कोरं येतं. ‘परवापर्यंत चालू होतं’ असं गिऱ्हाईक म्हणतं ते खरंच असतं. तुमचा ब्राउझर तसाच राहिला आणि साइट पुढं निघून गेली.

याच्या उलटही होतं, साइट जुनी आणि ब्राउझर नवा. मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेत बसलेली माणसं अजून आमच्याकडे आहेत. मुंबईकडून येणारी गाडी रुंद रुळांची, १६७६ मिलिमीटरची. यवतमाळला आणणारी शकुंतला अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरची. मोठ्या गाडीचा डबा कितीही चांगला असला तरी या फाट्यावर त्याला वाट नव्हती, माणसांनाच गाठोडी घेऊन उतरावं लागे. सगळ्या ब्राउझरांनी एकाच मापाचे रूळ वापरावेत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम काढलं खरं, पण पुढची कित्येक वर्षं बऱ्याच साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररच्या रुळांवरच बांधल्या गेल्या. डिजिटल सहीची पेनड्राईव्हसारखी किल्ली लावून टेंडर भरणाऱ्यांना हे चांगलं आठवत असेल. ती सही जावाच्या, नाहीतर ॲक्टिव्हएक्सच्या जोडणीवर चालायची. तसली जावाची जोडणी चालवणारी सोय क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये. ॲक्टिव्हएक्स तर मुळात एक्सप्लोररचंच. आणि एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला निवृत्त केला. अशी एखादी साइट अजून गाठ पडलीच तर एजच्या सेटिंगमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड चालू करून पाहावा. ती सोय किमान २०२९ पर्यंत ठेवू असं कंपनीनं सांगितलंय.

जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या साइटही याच जातीच्या होत्या. त्यांचे फॉन्ट एक्सप्लोररलाच समजत, दुसऱ्या ब्राउझरात बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांसाठीचं एकच माप, रुळलं आणि ते दुखणं गेलं. आज कुठं तशी खिचडी दिसली तर तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला समजावा. ब्राउझरला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता रोजच्या कामाची गोष्ट, खासगी विंडो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. या विंडोत ब्राउझर कोऱ्या पाटीनं बसतो. आधीच्या कुकी नाहीत, आधी साठवलेल्या फाईली नाहीत, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रामही, बंद. पान इथं उघडलं तर दोष या तिघांपैकी एकात. तिघांपैकी कोणात ते मात्र यावरून कळत नाही, आणि लोक इथंच घाई करतात. एका दमात सगळं पुसतात, सगळं काढतात, पान उघडतं, आणि काय बिघडलं होतं ते कायमचं झाकलं जातं. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फ्यूज आणि स्टार्टर एकदम बदलला तर भंगारात काय टाकायचं हे कसं ठरवणार?

मी साठवलेल्या फाईलींपासून सुरू करतो, कारण त्याला काही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट, आर दाबलं की ब्राउझर जुनं न वापरता सगळं ताजं मागवतो. नेट वाचावं म्हणून ब्राउझर चित्रं आणि सूचनांच्या फाईली ठेवून घेत असतो. साइटवाल्यांनी काल काही बदललं असेल तर नवं पान आणि जुनी फाईल यांची जोडी जुळत नाही.

त्यानं भागलं नाही तर कुकी. कुकी म्हणजे साइटनं ब्राउझरच्या खिशात ठेवलेली चिठ्ठी, हा माणूस आत्ताच लॉगिन करून गेला, त्याचा क्रमांक अमुक. घरच्या संगणकावर एका साइटवर एकाच माणसाची चिठ्ठी. दुकानात एकाच ब्राउझरमधून दिवसभरात तीस-चाळीस जण आत जातात, अर्धे ‘लॉग आऊट’ न करता निघतात, मध्येच लाईन जाते. मग साइट गोंधळते. पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं, गोल गोल. कधी चिठ्ठ्या इतक्या साचतात की सर्व्हर ४०० हा आकडा दाखवून दारच लावून घेतो.

इथं ‘सगळा डेटा साफ करा’ हे बटण दाबू नका. घाईत जतन केलेले पासवर्डही त्यासोबत जातात, सगळ्या साइटवरून बाहेर फेकले जाता आणि बाजारच्या दिवशी दुकानात रांग उभी राहते. पत्त्याच्या डाव्या बाजूला एक छोटी खूण असते. तिच्यावर टिचकी मारून कुकी आणि साइट डेटा असं लिहिलेल्या ठिकाणी जा, त्या एका साइटचं नाव दिसेल, तेवढंच पुसा आणि पान परत उघडा.

तेही झालं आणि खासगी विंडोतच पान उघडतंय, तर एक्स्टेन्शन. जाहिराती अडवणारं, पीडीएफ बनवणारं, कुठल्याशा खेळासाठी भाच्यानं टाकलेलं. सगळी बंद करायची, पान उघडलं की एकेक चालू करत जायचं. जे चालू केल्यावर पान पुन्हा अडलं, चोर तोच. माझ्या दुकानात एकदा स्क्रीनचा फोटो काढणारं एक्स्टेन्शन सापडलं होतं. ते कोणी टाकलं हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

कधी उलट होतं, क्रोममध्ये चालतं आणि फायरफॉक्समध्ये नाही. तेव्हा पत्त्याशेजारच्या ढालीच्या खुणेकडे पाहा. माग काढणाऱ्या परक्या कुकी फायरफॉक्स २०१९ पासून स्वतःहून अडवतो. ही चांगली गोष्ट आहे, पण फी भरायचं पान दुसऱ्या कंपनीचं असलं तर कधी तेही अडकतं. ढाल त्या साइटपुरती खाली करून पाहावी. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, पावती उघडली नाही, तर मात्र दोन्ही ब्राउझरांत पत्त्याच्या पट्टीत पॉप-अप, म्हणजे वेगळी उघडणारी विंडो, अडवल्याची खूण आहे का ते आधी बघावं. हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते, पण माझेच दोन तास यात गेलेत.

‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ ही भीतीदायक सूचना वेगळ्या गोत्रातली. साइटचं ओळखपत्र ब्राउझरला पटलेलं नसतं. पहिल्यांदा संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख बघा. आमच्याकडे लाईन येत-जात असते, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असला की संगणक पुन्हा चालू होताना पाच-दहा वर्षं मागं जातो. त्याच्या हिशेबानं आजचं ओळखपत्र अजून जन्मलेलंच नसतं. पण तेव्हा सगळेच ब्राउझर बोंबलतात. एकटा क्रोम बोंबलला आणि फायरफॉक्स गप्प राहिला, तर जुनाट संगणकावर कारण वेगळं असू शकतं. कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा याची यादी फायरफॉक्स स्वतःजवळ बाळगतो, जुने इतर ब्राउझर विंडोजच्या यादीवर अवलंबून होते. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या ओळखपत्रांमागच्या एका जुन्या मूळ सहीची मुदत संपली, तेव्हा अपडेट न केलेल्या संगणकांवर असंच झालं होतं. काहीही असो, आधार किंवा बँकेचं काम असलेल्या पानावर ‘तरीही पुढं जा’ कधी दाबू नका. तिथं मी गिऱ्हाइकाला खरोखर परत पाठवतो.

फोनचं थोडक्यात. सोशल मीडियावर आलेल्या लिंकला बोट लावलं की बऱ्याचदा ती त्या ॲपच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. फाईल चढवायची वेळ आली की तिथं अडतं. तीन टिंबांवर जाऊन बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. ऑपेरा मिनी डेटा वाचवण्याच्या मोडमध्ये असेल तर पान आधी त्यांच्या सर्व्हरवर दाबून लहान केलं जातं आणि मग फोनवर येतं. बातम्या वाचायला उत्तम, फॉर्म भरायला नाही.

हे सगळं करूनही एका ब्राउझरमध्ये पान अडत असेल तर खोट साइटचीच. एफ १२ दाबा, कन्सोल नावाच्या भागात लाल ओळी दिसतील. त्या समजल्या नाहीत तरी चालतं, फोटो काढा. तक्रारीत तो फोटो, ब्राउझरचं नाव आणि आवृत्तीचा आकडा, विंडोज कोणतं, दिवस आणि वेळ, कुठल्या बटणावर अडलं, आणि दुसऱ्या कोणत्या ब्राउझरमध्ये चालतं ते लिहा. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर तिकडचा इंजिनिअर काहीच करू शकत नाही, त्याच्या संगणकावर ती चालू असते.

मी एकदा असं सगळं लिहून एका पोर्टलच्या मदत कक्षाला पाठवलं होतं. फायरफॉक्समध्ये चालतं, क्रोममध्ये अमुक बटणावर अडतं, सोबत फोटो. अकराव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं: कृपया फायरफॉक्समध्ये उघडून पाहावे.